सुधावर्गाची मात्रा आणि कॅल्शियमचा हिशेब

संस्कृत कोशांत 'सुधा' या शब्दाचे दोन अर्थ प्रसिद्ध आहेत. एक अमृत आणि दुसरा चुना. शंख, शुक्ती, कपर्दिक, गोदंती, कुक्कुटाण्डत्वक् या द्रव्यांना रसशास्त्राच्या अभ्यासक्रमात सुधावर्ग हे नाव आहे. मुक्ता आणि प्रवाळ यांची गणना रत्नांत होत असली तरी घटनेच्या दृष्टीने तीही याच कुळातील होत. आम्ही वैद्यमंडळी या वर्गाकडे पाहताना पहिल्या अर्थाचे स्मरण ठेवतो आणि दुसऱ्याचा विसर पडू देतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा विसर आणि त्यापासून रुग्णास संभवणारा धोका हा आहे.

रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण सामान्यतः दर १०० मिलिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. शरीर ही मर्यादा अत्यंत काटेकोरपणे सांभाळते. प्रमाण १२ च्या वर गेले की लक्षणे ठळक होऊ लागतात आणि १४ च्या वर गेले की ती तातडीची अवस्था समजावी. हे प्रमाण वाढण्याची कारणे अनेक आहेत. परावटू ग्रंथींचे विकार व कर्करोग ही त्यांतील प्रमुख होत. क्षयरोगातही क्वचित ते वाढते. तथापि, केवळ औषधांमुळे, म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या, आम्लनाशके आणि जीवनसत्त्व 'ड' यांच्या अतिसेवनामुळे ते वाढणे ही गोष्ट पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे. ती टाळण्यात आमचा, म्हणजे वैद्यांचा आणि औषधविक्रेत्या बांधवांचा, वाटा मोठा आहे असे आमचे मत आहे.

या व्याधीचा इतिहास

अमेरिकेतील शिकागो येथील बर्ट्रम सिप्पी या वैद्यकाने १९१५ मध्ये जठरव्रणावर एक उपचारक्रम प्रसिद्ध केला. रुग्णास दर तासाला दूध व साय द्यावी आणि मधल्या वेळात क्षारचूर्णे द्यावीत, असा तो क्रम होता. आम्लाचे शमन होऊन व्रण भरून येई, त्यामुळे हा उपचार जगभर रूढ झाला. परंतु १९२३ मध्येच हार्ट आणि रिव्हर्स या दोघांनी लिहून ठेवले की, या उपचाराखालील काही रुग्णांना दुधाचा तिटकारा येतो, डोके दुखते, वांत्या होतात आणि मूत्रपिंडांचे कार्य बिघडते. पुढे १९४९ मध्ये बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे जुनाट स्वरूप वर्णिले. त्यात रक्तातील कॅल्शियम वाढलेले, मूत्रपिंडे निकामी होत चाललेली आणि ऊतींत चुना साठलेला आढळत असे. वैद्यकात हा विकार दुग्ध-क्षार संलक्षण या अर्थाच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आम्लनिर्मितीच कमी करणारी औषधे आली आणि सिप्पीचा उपचार मागे पडला. त्याबरोबर हा विकारही दिसेनासा झाला. १९९० नंतर मात्र तो पुन्हा डोके वर काढू लागला. या वेळी कारण दूध नव्हते. अस्थिक्षय टाळण्यासाठी प्रौढ स्त्रिया वर्षानुवर्षे घेत असलेल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या हे ते कारण होते. दुधाचा संबंध उरला नाही म्हणून २०१० मध्ये या विकारास कॅल्शियम-क्षार संलक्षण म्हणावे अशी सूचना पुढे आली. तैवानमधील वैद्यकांनी तर १९९६ मध्ये सुपारीसोबत शिंपल्यांच्या चुन्याचा लेप खाणाऱ्या रुग्णातही हाच विकार नोंदविला. तंबाखू-चुना आणि पान ज्या प्रदेशात घरोघरी आहे, त्या आमच्या विदर्भातील वैद्याने ही नोंद विशेष लक्षात ठेवावी.

आपल्या देशातील एक नोंद अधिक बोलकी आहे. २०११ मध्ये श्रीनगर येथील वैद्यकांनी जीवनसत्त्व 'ड' च्या अतिसेवनाने विषबाधा झालेल्या प्रौढ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. काश्मीरमध्ये या जीवनसत्त्वाची कमतरता सार्वत्रिक आहे. म्हणून ते उदारहस्ते दिले जात होते आणि त्या औदार्यातच काही रुग्णांवर संकट ओढवले. कमतरतेचा प्रदेश आणि अतिरेकाचा रुग्ण ही दोन्ही एकाच ठिकाणी नांदू शकतात, हा या वृत्तांताचा आम्हांस महत्त्वाचा वाटणारा बोध आहे.

रिठदसारख्या गावातील चित्र

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद येथे, किंवा त्यासारख्या कोणत्याही गावात, हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: जिथे गरोदर स्त्रीच्या ताटात दूध नाही, तिथे कॅल्शियमचा अतिरेक कुठून होणार? प्रश्न रास्त आहे. ज्वारी, तुरीचे वरण आणि हंगामी भाजी या आहारातून मिळणारे कॅल्शियम बहुतेकांना अपुरे पडते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कमतरता ही गावाची असते आणि अतिरेक हा व्यक्तीचा असतो. ज्या व्यक्तीच्या औषधांचे चार स्रोत आहेत आणि त्या चारही स्रोतांना एकमेकांची वार्ता नाही, ती व्यक्ती अतिरेकाच्या वाटेवर असते.

उदाहरणादाखल एका कल्पित रुग्णेचा हिशेब मांडून पाहू. वय अठ्ठावन्न, सोयाबीन सोंगून आणि खुरपून गुडघे झिजलेले, जोडीला रक्तदाब आणि जुने अम्लपित्त. तालुक्याच्या डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी सकाळ-संध्याकाळ लिहून दिली आहे. अशा गोळीत साधारणतः १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दोन गोळ्यांचे १००० मिलिग्रॅम झाले. दूध, दही आणि इतर आहारातून ४०० मिलिग्रॅम धरू. गुडघ्यांसाठी वैद्याने प्रवाळ पंचामृत दिले आहे. २५० मिलिग्रॅम दोन वेळा याप्रमाणे त्याचे सुमारे २०० मिलिग्रॅम. आणि जळजळ झाली की घ्यावे म्हणून शंखभस्माची डबी घरी आहे. ती कधी दुकानातून, कधी यात्रेतल्या औषधवाल्याकडून आणलेली असते आणि तिच्यातून भस्म चमच्याने घेतले जाते. दोन वेळा दोन-दोन ग्रॅम भस्म पोटात गेले तर, त्यातील कॅल्शियम ४० टक्के धरूनही, आणखी १६०० मिलिग्रॅम होतात. एकूण बेरीज ३२०० मिलिग्रॅम.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी रोजची गरज १००० मिलिग्रॅम, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी १२०० मिलिग्रॅम आणि सहन होण्याची कमाल मर्यादा २५०० मिलिग्रॅम ठरविली आहे. आमच्या उदाहरणातील रुग्णेने ती मर्यादा ओलांडली आणि तिला औषध देणाऱ्या एकाही व्यक्तीने आपल्यापुरती चूक केलेली नाही. डॉक्टरांची मात्रा योग्य होती. वैद्याची मात्रा ग्रंथोक्त होती. दुकानदाराने मागितलेली वस्तू दिली. केवळ बेरीज कोणी केली नाही.

आता या बेरजेत दोन गोष्टी आणखी मिळवाव्या लागतात. पहिली, ६०,००० एककांची जीवनसत्त्व 'ड' ची पुडी. ती सामान्यतः आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यावयाची असते. परंतु 'एक पुडी दुधातून' एवढेच लक्षात राहिले आणि ती रोज घेतली गेली, असे घडणे अवघड नाही. प्रौढास दीर्घकाळ रोज घेण्यास ४,००० एकक ही मर्यादा मानली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गैरसमजाचे गांभीर्य कळेल. दुसरी, रक्तदाबाची गोळी. तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर मूत्रावाटे कॅल्शियम बाहेर पडणे कमी होते. म्हणजे येणारी वाट रुंद आणि जाणारी वाट अरुंद, अशी अवस्था होते. या विकाराच्या बहुतेक जुन्या रुग्णांत रोजचे कॅल्शियम ४ ग्रॅमच्या वर होते हे खरे. परंतु मूत्रपिंडे दुर्बल असतील किंवा वरील प्रकारची औषधे चालू असतील तर त्याहून बऱ्याच कमी मात्रेतही तो उद्भवल्याच्या नोंदी आहेत.

गर्भिणींचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भारपणाच्या चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन कॅल्शियम गोळ्या, म्हणजे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम, देण्याचे धोरण आहे. ते योग्य आहे. गर्भिणीचा रक्तदाब वाढून होणारे अनर्थ त्यामुळे कमी होतात, आणि आम्ही कोणीही त्या गोळ्या बंद करण्याचा सल्ला देऊ नये. परंतु गर्भावस्थेत आतड्यांतून कॅल्शियमचे शोषण मुळातच वाढलेले असते. वांत्यांनी शरीरातील जलांश घटलेला असतो. अशा वेळी छातीत जळजळते म्हणून मौक्तिकयुक्त कामदुधा, त्यावर शंखभस्म, त्यावर दुकानातील आम्लनाशक अशी भर घालण्यापूर्वी आशाताईंनी दिलेल्या गोळ्यांची चौकशी करणे हे वैद्याचे कर्तव्य होय.

लक्षणांचा चकवा

या विकाराचा सर्वांत मोठा धोका त्याच्या लक्षणांच्या वेशांतरात आहे. भूक मंदावणे, मळमळ, वांती, पोटदुखी, मलावष्टंभ, थकवा, अंगदुखी, वारंवार तहान आणि वारंवार मूत्रप्रवृत्ती ही कॅल्शियम वाढल्याची सामान्य लक्षणे आहेत. पुढे सुस्ती, विस्मरण, बडबड आणि अखेरीस बेशुद्धी येते. यांतील आरंभीची लक्षणे वैद्यासमोर आली तर तो काय निदान करील? मळमळ आणि वांती पाहून अम्लपित्ताचे निदान होईल आणि शंखभस्म वाढेल. अंगदुखी आणि थकवा पाहून अस्थिधातुक्षय म्हणून प्रवाळ वाढेल. तहान आणि बहुमूत्रता पाहून प्रमेहाची शंका येईल आणि साखर प्राकृत निघाल्यावर विषय तिथेच संपेल. ज्या द्रव्याने व्याधी निर्माण केली त्याच द्रव्याची मात्रा त्या व्याधीवर औषध म्हणून वाढविली जाते, असे हे दुष्टचक्र आहे.

शरीराच्या आतही असेच चक्र फिरत असते. वाढलेल्या कॅल्शियममुळे मूत्रपिंडांना पाणी राखता येत नाही, शरीर शुष्क होते. शुष्कतेमुळे मूत्रपिंडांची गाळण्याची क्रिया घटते. त्यात क्षाराचा अंश रक्तात वाढला की मूत्रपिंडे कॅल्शियम अधिकच धरून ठेवतात. म्हणून या विकारात केवळ कॅल्शियम नव्हे, तर त्याच्या जोडीचा क्षारही दोषी असतो. औषधविक्रेत्यांनी हा भेद समजून घ्यावा अशी आमची विनंती आहे. सर्वच आम्लनाशकांत कॅल्शियम नसते. डायजीन, जेल्युसिल यांसारख्या प्रचलित औषधांत प्रामुख्याने ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमची संयुगे असतात. ईनोसारख्या फसफसणाऱ्या चूर्णात सोडियम बायकार्बोनेट असते. त्यात कॅल्शियम नसले तरी क्षार आहे आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्याने ते रोज घेणे हितकर नव्हे.

दोन तोंडांनी बोलणे थांबवावे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आमच्या व्यवसायातील काही बंधूंचे म्हणणे असे की, भस्म म्हणजे चुना नव्हे. शोधन, मारण आणि पुटसंस्कारांनी द्रव्याचे स्वरूप पालटते, ते सूक्ष्म होते, शरीरास सात्म्य होते. म्हणून मिलिग्रॅमचा हिशेब भस्मास लावणे म्हणजे शास्त्राचा अवमान आहे. संस्कारांनी गुणांतर होते हे आम्हांसही मान्य आहे. शंखाचे ग्राहित्व आणि प्रवाळाचे शीतत्व यांतील भेद जाणूनच वैद्य त्यांची योजना करतो, आणि या भेदाला कॅल्शियमच्या एका शब्दात कोंबता येत नाही. परंतु संस्काराने कॅल्शियम नाहीसे होत नाही. शंख आणि शिंपला मुळात कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत त्याचा काही अंश चुनकळीत रूपांतरित होतो आणि चुनकळीत तर कॅल्शियमचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक असते. बाजारातील कित्येक आधुनिक कॅल्शियम गोळ्याही शिंपल्यांपासूनच बनतात. मुक्ताशुक्ती भस्म आणि ती गोळी ही एकाच समुद्राची लेकरे आहेत.

शिवाय, ज्या भस्माच्या डबीवर 'नैसर्गिक कॅल्शियम' असे मोठ्या अक्षरांत छापले जाते, त्याच भस्माविषयी धोक्याचा प्रश्न निघताच 'हे कॅल्शियम नव्हेच' असे उत्तर दिले जाते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. प्रवाळ आणि शुक्ती अस्थिधातूस कॅल्शियम पुरवितात असे म्हणून आम्ही ती देत असू, तर ते कॅल्शियम हिशेबात धरलेच पाहिजे. ते कॅल्शियम नव्हे असे म्हणावयाचे असेल, तर हाडांच्या दुखण्यावर कॅल्शियमची पूर्ती म्हणून ती देणे आम्ही थांबविले पाहिजे. लाभ मोजताना एक माप आणि हानी मोजताना दुसरे, हा व्यवहार कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

आणि आमचे शास्त्र या बाबतीत मुळीच गाफील नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचे अतिसेवन करू नये असे बजावले आहे. क्षाराचा सतत उपयोग करणाऱ्या जनपदांत दृष्टिनाश, क्लैब्य, टक्कल, अकाली केस पिकणे आणि हृदयपीडा आढळते असे सांगून त्यांनी त्या जनपदांची नावेही दिली आहेत. ज्यांना सवय जडली आहे त्यांनी ती क्रमाक्रमाने सोडावी, हेही तिथेच सांगितले आहे. लोकसमूहाच्या सवयीवरून द्रव्याची हानी ओळखण्याची ही दृष्टी आजच्या कोणत्याही रोगसर्वेक्षणास शोभेल अशी आहे. शंखभस्म हे ग्रंथांच्या काटेकोर परिभाषेत क्षार नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु सुश्रुताचार्यांनी प्रतिसारणीय क्षार सिद्ध करताना शंखनाभीसारखी द्रव्ये अग्निवर्ण तापवून त्यात घालण्यास सांगितले आहे, हे त्यांनी आठवावे. भाजलेल्या शंखाची क्षारधर्मिता आचार्यांना पूर्ण ज्ञात होती. योग्य युक्तीने योजलेले विषही औषध होते आणि अयुक्तीने योजलेले औषधही विषासमान होते, हा चरकाचा सिद्धान्त तर आमच्यापैकी प्रत्येकाने प्रथम वर्षातच पाठ केलेला असतो.

ग्रंथोक्त मात्रा पाहा. शंखभस्म किंवा प्रवाळभस्म साधारणतः एक ते दोन गुंजा, म्हणजे १२५ ते २५० मिलिग्रॅम. या मात्रेत, मर्यादित काळ आणि योग्य अनुपानासह दिलेल्या भस्मापासून सामान्य रुग्णास कॅल्शियमचा अतिरेक होण्याचे भय नाही. अडचण ग्रंथात नाही. अडचण चमच्यात आहे. चहाचा चमचा भरला तर त्यात दोन-तीन ग्रॅम भस्म सहज मावते, म्हणजे किमान सोळा गुंजा. गुंजेने तोलावयाची वस्तू ज्या दिवशी चमच्याच्या हवाली झाली, त्या दिवशी ती वैद्याच्या हातून सुटली.

दुसरी अडचण नावांची आहे. शंखवटी, सूतशेखर, मौक्तिकयुक्त कामदुधा, प्रवाळ पंचामृत ही नावे निरनिराळी. परंतु पहिल्या दोहोंत शंखभस्म आहे, तिसऱ्यातील बहुतेक घटक सुधामय आहेत आणि चौथ्यातील प्रवाळ, मोती, शंख, शुक्ती आणि कपर्दिक हे पाचही एकाच कुळातील आहेत. एका चिठ्ठीवर यांतील तीन कल्प लिहिले तर रुग्णास तीन औषधे मिळाली असे वाटते. वस्तुतः एकच द्रव्य तीन वेळा मिळालेले असते.

काय करावे

दोष दाखवून थांबणे योग्य नव्हे, म्हणून आमच्या सूचना व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत.

वैद्यांनी सुधावर्गातील प्रत्येक कल्पाची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहावी आणि त्यापुढे औषध थांबविण्याची तारीख लिहावी. 'चालू ठेवा' हे शब्द या वर्गापुरते तरी चिठ्ठीवरून हद्दपार व्हावेत. असा कल्प लिहिण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत: कॅल्शियमची गोळी चालू आहे काय, 'ड' जीवनसत्त्वाची पुडी किती दिवसांनी घेता, जळजळीवर घरी काय घेता, रक्तदाबाची गोळी कोणती, आणि पान किंवा तंबाखूबरोबर चुना किती खाता. 'हाडांसाठी चुना खावा' हा सल्ला आजकाल मोबाइलवरून गावोगाव पोहोचला आहे. गव्हाच्या दाण्याएवढ्या चुन्याने अनर्थ होत नसेल. परंतु दाण्याची बोटभर व्हायला वेळ लागत नाही, म्हणून हा प्रश्न विसरू नये.

दीड-दोन महिन्यांपलीकडे हे औषध चालविण्याची खरोखर गरज असेल तर रक्तातील कॅल्शियम आणि क्रिएटिनीन या दोन तपासण्या करून घ्याव्यात. वाशिम-रिसोडच्या प्रयोगशाळेत पाठविलेल्या एका नमुन्यात हे काम होते. अहवाल वाचताना रक्तातील अल्ब्युमिनही पाहावे. ते ४ ग्रॅमहून कमी असेल तर कमी असलेल्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवावे, अन्यथा कृश रुग्णातील वाढ झाकली जाते. मूत्रपिंडविकार, मूतखडा किंवा डिगॉक्सिनसारखे हृदयाचे औषध चालू असलेल्या रुग्णास सुधावर्ग शक्यतो देऊ नये.

कॅल्शियम वाढलेले आढळल्यास सर्व स्रोत तत्काळ थांबवावेत आणि रुग्णास विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. शिरेवाटे सलाइन देऊन मूत्रपिंडांना उसंत देणे हा तेथील पहिला उपचार असतो. तो दवाखान्याच्या ओट्यावर करण्याचा प्रयोग करू नये. सोबतच्या चिठ्ठीत आपण दिलेल्या भस्मांची नावे आणि मात्रा प्रामाणिकपणे लिहावीत. त्याने आयुर्वेदाची अप्रतिष्ठा होत नाही. लपविल्याने मात्र रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. कॅल्शियम गोळ्या आणि क्षार यांपासून झालेली वाढ बहुधा काही दिवसांत उतरते. 'ड' जीवनसत्त्व मात्र शरीरातील मेदात साठते, त्यामुळे त्याचा परिणाम आठवडे, प्रसंगी महिने टिकतो. कारण औषधच आहे असे गृहीत धरून परावटू ग्रंथी, क्षयरोग आणि कर्करोग यांचा शोध टाळू नये, हेही येथे सांगणे आवश्यक आहे.

औषधविक्रेत्या बांधवांकडे आमच्या दोन मागण्या आहेत. सुटे भस्म डबीतून चमच्याने घेण्यासाठी देऊ नये. तोललेल्या पुड्या किंवा वटीच द्यावी. आणि ६०,००० एककांच्या पुडीवर 'आठवड्यातून एकदाच' असे मराठीत ठळक लिहून, शक्य असल्यास वारासह, ती द्यावी. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही. ही सवलत म्हणजे आमच्यावर समाजाने टाकलेला विश्वास आहे. ज्या ठिकाणी कायदा विचारीत नाही, त्या ठिकाणी विक्रेत्याने स्वतः विचारावे, हीच त्या विश्वासाची परतफेड होय.

औषधनिर्मात्यांनी वेष्टनावर घटकद्रव्ये आणि त्यांचे प्रमाण छापणे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १६१ नुसार बंधनकारक आहेच. त्यापुढे एक पाऊल टाकून, एका मात्रेत मूलद्रव्य रूपाने किती कॅल्शियम आहे हेही छापावे, असा आग्रह आपल्या संघटनेने धरावा. ज्यांना डबीवर 'कॅल्शियम' हा शब्द हवा आहे, त्यांना त्यापुढील आकडा छापण्यास हरकत नसावी. तसेच, आयुर्वेदीय औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय औषधसतर्कता यंत्रणा २०१८ पासून कार्यरत आहे आणि तिचे मुख्य केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. संशयित घटना तिथे कळविणे ही तक्रार नव्हे, ती शास्त्राची सेवा आहे. आमच्याकडे नोंद नसणे याचा अर्थ घटना नसणे असा होत नाही.

अखेरीस, अम्लपित्ताचा रुग्ण वर्षानुवर्षे शंखभस्मावर ठेवणे ही आयुर्वेदीय चिकित्साच नव्हे, हे आपण स्वतःशी मान्य केले पाहिजे. निदानपरिवर्जन, वमन-विरेचनादी शोधन, तिक्तरसाची योजना, अविपत्तिकरासारखे कल्प, जागरण, तिखट, उपाशीपोटीचा चहा आणि तंबाखू यांना आवर घालणे ही आमची चिकित्सा आहे. या मार्गास वेळ लागतो, रुग्णास समजावून सांगावे लागते आणि त्याबद्दल वेगळे शुल्क मिळत नाही. म्हणूनच भस्माची डबी सोपी वाटते. परंतु आम्लनाशकाच्या गोळीला पर्याय म्हणून आम्लनाशक भस्म देऊन आम्ही केवळ वेष्टन बदलतो.

सुधावर्ग टाकून द्यावा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. शतकानुशतके अनुभवाने तावून निघालेली ही द्रव्ये योग्य रुग्णात, योग्य काळी आणि गुंजेच्या तोलाने दिली तर ती आपले काम चोख करतात. तो तोल सांभाळण्यासाठी चिठ्ठीवर एक आकडा आणि एक तारीख वाढवावी लागेल, दुकानाच्या फळीवर एक प्रश्न वाढवावा लागेल. पुढील रुग्णापासून एवढे सुरू करण्यास कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही.